चिखल्या मान वळवून बघतो

चिखल्या नावाचा पक्षी तुम्ही पाहिला नसेल तर तुमचं फार काही अडलेलं नाही. मूठभर जीव, मातकट रंग, गळ्यात काळा पट्टा, चोच आखूड आणि डोळे मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे. ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलावर तो तुरुतुरु धावतो, मध्येच थबकतो, वाकून एखादा किडा उचलतो आणि पुन्हा धावत सुटतो. दिवसभर हाच उद्योग. लांब चोचीची बाकीची मंडळी एका जागी उभी राहून डोळ्यांपर्यंत चोच चिखलात खुपसतात. याच्याकडे तेवढी चोचही नाही आणि तेवढा धीरही नाही. वरवर जे दिसेल ते टिपायचं आणि पुढे पळायचं.

थोरलीला हा चिखल्या तोंडपाठ होता, कारण तिचे आबा जन्मभर जाळी लावून पाणपाखरं धरत आणि बाजारात विकत. दोन मुली आणि हाताखालचा एक तरणा गडी, एवढाच त्यांचा संसार. तिघांनाही त्यांनी दोन गोष्टी कान पिळून शिकवल्या. पहिली अशी की चिखल्या धावतो तिथे माणसाने बिनधास्त पाय ठेवावा, आणि नुसते लांब चोचीवाले उभे असतील तिथे चुकूनही ठेवू नये. आखूड चोचीला घट्ट चिखल लागतो, लांब चोचीला मऊ आणि खोल.

दुसरी गोष्ट अंड्यांची. चिखल्याची मादी शिंपल्यांच्या चुऱ्यात, उघड्यावरच, एक खळगी करून अंडी घालते. "यातला खडा कुठला आणि अंडं कुठलं ते सांगा, मिशी उतरवून देतो," असं आबा म्हणायचे, आणि त्यांची मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली. कोणी जवळ आलं की आईबापांपैकी एक जण पंख मोडल्याचं सोंग करतो. एक पंख जमिनीवर फरफटतो, पडतो, धडपडतो, केविलवाणा ओरडतो. नाटक कंपनीला असा नट मिळायचा नाही. कुत्रा असो, कोल्हा असो, लाळ गाळत त्याच्या मागे जातो. अंड्यांपासून पुरेसं लांब नेलं की लंगडा फुर्रकन उडतो आणि मागे आलेला हात चोळत बसतो. आबा काही हात चोळत बसणाऱ्यांतले नव्हते. लंगडा डावीकडे पळाला की ते शांतपणे उजवीकडे जायचे, अंडी शोधायचे, त्यांच्याभोवती फास लावायचे आणि नर-मादी दोघांनाही धरायचे.

"आणि खरंच पंख मोडला असला तर?" धाकटीने लहानपणी विचारलं होतं.

"सोंग करणारं पाखरू सारखं मान वळवून बघतं. तुम्ही मागे येताय ना, याची त्याला काळजी," आबा म्हणाले होते. "ज्याचं खरंच मोडलंय, ते मागे बघत नाही. त्याला फक्त लांब जायचं असतं."

आबांनी धाकटीसाठी जावई शोधला नाही, हाताखालचा गडीच उचलून दिला. बाजारात त्याला मुरगळ्या म्हणत. पाखराच्या मानेमागे अंगठा ठेवून एका पिळ्यात तो मान मोडायचा, आणि तेही गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता. या नावाचा त्याला कोण अभिमान. आबा गेल्यावर तो बायकोला घेऊन शहरात गेला आणि जिवंत पाखरांच्या पिंजऱ्यांमागच्या एका खोलीत त्याने बिऱ्हाड केलं. थोरली मागेच राहिली. तिने लग्न केलं नव्हतं. खाजणाच्या काठच्या मिठागरात ती लाकडी फावड्याने मीठ ओढायची आणि मिठागराच्या बांधालगतच्या आबांच्या घरात राहायची.

धाकटी पहिल्यांदा माहेरी आली ती फुटलेला ओठ घेऊन. महिनाभर राहिली, मुरगळ्या रडत आला, पाया पडला, ती गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन दात नव्हते. तेव्हाही तो रडला, तेव्हाही ती गेली. थोरलीने डोकं आपटून घेतलं, पण तिला अडवलं नाही. तिसऱ्यांदा धाकटी आली तेव्हा तिच्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं, डावा हात लुळा लोंबत होता आणि मानेच्या मागे, केसांच्या खाली, एक काळानिळा ठसा होता. अंगठ्याचा. थोरलीने तो ओळखला. हे मारणं नव्हतं, हे आबांच्या धंद्यातलं काम होतं. पिळा अर्ध्यावर राहिला होता, इतकंच.

"या वेळी तो रडणार नाही," धाकटी म्हणाली. "या वेळी तो पुरं करायला येईल."

थोरलीने तिला घरात ठेवलंच नाही. बांधाच्या पार टोकाला मिठागराचं पंपघर होतं. मोसम संपलेला, तिकडे कोणी फिरकत नव्हतं. तिथे तिने धाकटीला ठेवलं, आतून कडी लावायला सांगितली, आणि काहीही ऐकू आलं तरी बाहेर यायचं नाही असं बजावलं.

मुरगळ्या आला तो टळटळीत दुपारी. थोरली चुलीपाशी बसून भांडी घासत होती. दारात सावली पडली, तिने मान वर केली. त्याच्या हातात जाळं ठोकायची लोखंडी मेख होती, हातभर लांब, एका टोकाला अणकुचीदार.

"ताई, कुठंय ती?"

"कोण?"

त्याने मेख फिरवली. मांडणीवरची सगळी भांडी खाली आली. मग पाण्याचा माठ फुटला, मग आरसा. तो ओरडत नव्हता, शिव्याही देत नव्हता. तिच्याशी चार गोष्टी करायला आल्यासारखा बोलत होता, आणि थोरलीला त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटली.

"मी तुला मान देतो, ताई. आबांच्या जागी मानतो. सांग, आणि मी जातो."

"तू तिला मारशील."

"ती माझी बायको आहे. मारीन नाहीतर पुरीन. तुला काय करायचंय त्याचं?"

"मग मला नाही माहीत ती कुठंय."

त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड चुलीच्या कडेवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. मग तिला जमिनीवर पालथी पाडून त्याने गुडघा तिच्या पाठीत रोवला, डाव्या पायाचा घोटा एका हाताने दाबून धरला आणि मेखेच्या बोथट टोकाने त्यावर घाव घातला. पहिल्या घावाला थोरली किंचाळली. दुसऱ्याला आतलं काहीतरी मोडल्याचं तिला कानांनी ऐकू आलं. तिसऱ्याला तिने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला, कारण तोंड मोकळं राहिलं तर त्यातून पंपघर बाहेर पडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कठीण आहेस," तो म्हणाला. जवळपास कौतुकानेच म्हणाला. मग तो उठला आणि आतल्या खोलीत शिरला. कपाट उलटं पडल्याचा, गाद्या फाडल्याचा आवाज आला.

आता खरं तर थोरलीने तिथेच पडून राहायला हवं होतं. पण जीव घाबरला की अक्कल गहाण पडते. ती हातांवर सरपटत मागच्या दाराने बाहेर पडली, भिंतीला धरून उभी राहिली आणि मोडका पाय ओढत बांधावर चढली. डोक्यात एकच होतं, धाकटी. धाकटीपाशी जायचं, तिला सांगायचं, पळ. बरीच वाट कापल्यावर मागून दार आपटल्याचा आवाज झाला, आणि तेव्हा तिला कळलं की आपण काय करून बसलो आहोत. बांध सरळ होता. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला पंपघर, आणि ती मुरगळ्याला बोट दाखवून वाट सांगत निघाली होती.

आता थांबलं तरी कळणार, मागे फिरलं तरी कळणार. तो मेख हातात घेऊन घराच्या मागच्या दारात उभा होता, तिच्याकडे बघत होता, घाई नव्हतीच त्याला.

आणि त्या क्षणी तिला आबा आठवले.

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मुद्दाम, पुरतं, डोळ्याला डोळा भिडेपर्यंत. मग पुढे वळली, चार पावलं लंगडली, पडली, "आई गं" म्हणून ओरडली, उठली, आणि पुन्हा मान वळवून बघितलं. पाय खरोखर मोडला होता, कळ डोक्यापर्यंत जात होती, पण त्या खऱ्या लंगडण्यावर तिने खोटं लंगडणं चढवलं. एक हात पंखासारखा अंगापासून लोंबता सोडला. मान वळव, चार पावलं, पड, मान वळव. ये ना, बाबा, माझ्या मागे ये, असं तिच्या सगळ्या अंगाने त्याला सांगितलं.

मुरगळ्या जागचा हलला नाही. मग हसला, अगदी मनापासून.

"ताई," त्याने हाक मारली, "आबांनी मलापण शिकवलंय."

आणि त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या बाजूला खाजण होतं. ओहोटीने उघडा पडलेला चिखल, आणि त्याच्या मध्यावर उंचवट्यावर आबांचं जुनं खोपटं, ज्यात दबा धरून ते जाळ्याची दोरी ओढायचे. पंपघर सोडलं तर आडोसा म्हणावा असं तेवढंच. मुरगळ्या बांध उतरला आणि सरळ खोपट्याकडे चालू लागला. बरोबर फळी घ्यायलाही थांबला नाही. चिखलावरून घसरत जायला जाळीवाले रुंद फळी वापरतात, पण खोपट्यापर्यंतची वाट पूर्वी इतकी घट्ट होती की तिच्यावरून माणूस धावत जाई.

पूर्वी. गेल्या वर्षी मिठागराच्या मालकाने भरतीचं पाणी आत घेणारं दार हलवलं, आणि तेव्हापासून सगळा गाळ त्या बाजूला येऊन साचत होता. मुरगळ्या शहरात होता, त्याला कसं कळावं? पण त्याला एक गोष्ट नक्की दिसली असती, नुसती मान उचलून बघितली असती तर. त्या वाटेवर एकही चिखल्या धावत नव्हता. नुसते लांब चोचीवाले, डोळ्यांपर्यंत चोच बुडवून उभे. आबांच्या दोन धड्यांपैकी ज्याने खिशात पैसे आले तो त्याने लक्षात ठेवला होता.

थोरली बांधावर बसली आणि तोंडावर हात ठेवला. हाक मारावी का, हा विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला सांगू, आला. आणि तिने तो गिळला.

तो पोटऱ्यांपर्यंत गेला तेव्हा थबकला. मांड्यांपर्यंत गेला तेव्हा त्याने मागे वळायचा प्रयत्न केला, आणि तिथेच घात झाला, कारण वळायला पाय उपसला की दुसरा आणखी आत जातो. तो धडपडला, हातांवर पडला, कसाबसा सरळ झाला. आता चिखल कमरेला होता. मग भरती लागली. दुरून पाण्याची एक पातळ चकाकती कड पुढे आली, आणि लांब चोचीवाले एक एक करून उडून गेले.

आधी त्याने शिव्या दिल्या. थोरलीला, आबांना, मिठागराला. मग आवाज बदलला.

"राणी," त्याने हाक मारली. धाकटीला तो लाडात राणी म्हणायचा. "राणी, मी मरतोय गं. तुझी शपथ, चुकलो मी. राणी, एकदा ये."

पंपघराची कडी वाजली.

थोरलीने तिला येताना पाहिलं आणि तिला रडूच आलं. लुळा हात छातीशी धरून, अनवाणी, धाकटी बांधावरून पळत आली. ताईचं रक्ताने माखलेलं तोंड आणि वाकडा झालेला पाय बघून ती क्षणभर थांबली. मग तिची नजर खाजणाकडे गेली.

"जाऊ नकोस," थोरली म्हणाली.

"तो बुडतोय, ताई."

"बुडू दे."

"मला आवाज ऐकवत नाही त्याचा."

थोरलीने तिचा घोटा धरला. धाकटीने सोडवला. थोरलीने पुन्हा धरला, दोन्ही हातांनी, आणि धाकटीने वाकून तिच्या बोटांना कडकडून चावा घेतला. लहानपणीही ती अशीच चावायची. बोटं सुटली. घराच्या भिंतीला टेकवलेली आबांची फळी तिने एका हाताने ओढत आणली, चिखलावर टाकली, तिच्यावर गुडघा टेकला आणि दुसऱ्या पायाने रेटत निघाली. थोरलीला तिचा इतका संताप आला की पायाची कळही विसरायला झाली. दोनदा गेलीस, आता तिसऱ्यांदा, आणि मी कशासाठी पाय मोडून घेतला?

पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. धाकटी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. वारा पाण्यावरून येत होता, त्यामुळे दोघांचं बोलणं थोरलीला स्पष्ट ऐकू आलं.

"हात दे, राणी," तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला.

"दुसरा पण वर कर."

"अडकलाय तो, चिखलात."

धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. छातीवर पाणी चढत होतं आणि तो एकदाही पाण्याकडे बघत नव्हता. तो फळीच्या टोकाकडे बघत होता, तिच्या गुडघ्याकडे, तिच्या मानेकडे, आणि पुन्हा तिच्या डोळ्यांत, ती जवळ येते आहे ना म्हणून.

"एकदा पाण्याकडे बघ ना," धाकटी हळूच म्हणाली.

त्याला कळलं की तिला कळलं. उजवा हात चिखलातून वर आला, मेखेसकट. घाव तिच्या डोक्यावर बसायचा तो फळीवर बसला, फळीची कपची उडाली. मेख निसटली, पण तोवर डाव्या हाताने त्याने तिचा पाय पकडला होता. त्याने ओढली तशी ती फळीवर पालथी पडली, तोंड चिखलात गेलं. तिच्या अंगावर चढून त्याला वर यायचं होतं. बायकोची फळी करायची होती. थोरली बांधावरून ओरडत, सरपटत खाली आली आणि चिखलाच्या कडेला हताश होऊन थांबली.

धाकटीने तोंड वर काढलं. तिचा एकच हात धड होता. तिने त्याच्या पंजावरची करंगळी शोधली, तिच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि पिळा दिला. आबांच्या घरात लहानपणापासून पाखरं तिनेही मुरगळली होती, हे तो विसरला होता. करंगळी मोडली. तिने पुढचं बोट धरलं. तेही मोडलं. तिसऱ्याला त्याने पाय सोडला आणि गुरासारखा हंबरला, आणि धाकटीने फळी मागे रेटली.

तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला मिठागराच्या माणसांनी दोर लावून त्याचं प्रेत बाहेर काढलं. खोपट्याकडे एकटा, फळीशिवाय गेला, असं सगळे म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण धाकटी फळी रेटत मागे फिरली तेव्हा तो जिवंत होता आणि ओरडत होता. धाकटी चिखलाने लडबडलेली काठाला आली. तिने थोरलीला बगलेत हात घालून फळीवर बसवलं, फळीची दोरी धडक्या खांद्यावर घेतली आणि बांधावरून रस्त्याकडे ओढायला लागली. थोरली उलटी, खाजणाकडे तोंड करून बसली होती, तेव्हा सगळं तिला बघावं लागलं. पाणी गळ्याशी आलं. शिव्या आल्या, मग राणी आली, मग आबांना हाक आली, आणि त्या हाकेने मात्र थोरलीच्या काळजात चर्र झालं, कारण तोही आबांच्याच हाताखाली वाढला होता. मग नुसतं पाणी.

थोरलीला वाटलं, आता धाकटी थांबेल, आता वळेल, आता मोकळी होऊन रडेल. ती सारखी मान वळवून धाकटीच्या पाठीकडे बघत होती. घर मागे पडलं, बांध संपला, रस्ता आला. धाकटीने एकदाही मागे बघितलं नाही.